सासूबाईंनी भरलेला कापूस

माझ्या सासूबाई, विजयालक्ष्मी, मूळच्या नागपूरच्या. चार वर्षांपूर्वी अबोलीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना इथे परदेशात, ड्रोहेडाला आणलं. जावयासमोर त्या आवाज चढवत नाहीत. न चढवताच काय ते ऐकवतात. माझी सिगारेट त्यांनी सोडवली. ऑफिसात मी 'सोडली' असं सांगतो, पण ते खोटं आहे.

बावीस वर्षं ओढत होतो. गेल्या वर्षी छातीचा एक्स-रे बघून डॉक्टरीण म्हणाली, आत्ता थांबलास तर निभावेल. म्हणून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतला. तोही हौशी लोकांचा, ज्यात तारेची कॉइल आपणच वळायची, तिच्यातून कापूस ओवायचा आणि वर ज्यूस, म्हणजे निकोटीनचं द्रावण, सोडायचा. बटण दाबलं की तार तापते, कापसातल्या ज्यूसची वाफ होते. चुकलं तर करपट धूर थेट घशात. तार मला जमायची. बारीक स्क्रूड्रायव्हरवर एकमेकांना चिकटून सहा वेढे, झालं. कापूस मात्र कधीच जमला नाही.

सिगारेट सोडल्याच्या तेविसाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर कापसाशी माझी झटापट चालली होती. सासूबाईंना बघवेना.

"काय करून राहिले, मकरंदराव? द्या इकडे. चातुर्मासात लाख वाती वळल्या मी."

त्यांनी चिमूटभर कापूस घेतला, दुधाचं बोट लावलं आणि तळव्यावर असा पीळ दिला की बघत राहावं. वात कॉइलमधून अलगद ओवली. मी ज्यूस सोडला, बटण दाबलं, जोरात ओढलं. करपलेलं दूध आणि जळका कापूस! डोळ्यांतून पाणी आलं. तेवीस दिवसांचा सगळा राग त्या बाईवर निघाला.

"आई, हे काय निरांजन आहे का?" म्हणालो, व्हेप टेबलावर आपटला आणि तडक बाहेर पडलो. कुठे निघालो ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पेट्रोल पंपाच्या दुकानात सिगारेट मिळते.

दुकानात माझ्यापुढे तिघं होते. एक कमी झाला, दुसराही झाला. सहज दाराकडे पाहिलं तर काचेबाहेर सासूबाई! साडीवर अबोलीचा रेनकोट, पायांत घरातल्या सपाता. चार वर्षांत त्या कधी एकट्या राउंडअबाउट ओलांडून आल्या नव्हत्या. मी रांग सोडली.

त्यांनी मला पंपापासून लांब, बस स्टॉपपाशी नेलं आणि हातात व्हेप ठेवला. धाप लागली होती तरी बोलत होत्या.

"माझंच चुकलं बाप्पा. समईची वात जळायला वळतो, म्हणून पीळ. ही जळायची नाही, हिनं नुसतं प्यायचं. पीळ दिला तर पिणार कशी? नवा कापूस घातला आहे, सैल, टोकं विस्कटून. दूध नाही लावलं. ओढून बघा."

भर रस्त्यात सासूपुढे ओढायची मला लाज वाटली.

"ओढा म्हणते ना!"

ओढलं. कडवटपणाचा मागमूसही नव्हता. तिथेच त्यांची माफी मागितली आणि त्यांना हात धरून घरी आणलं.

त्याला अकरा महिने झाले. दर रविवारी सकाळी त्या चष्मा लावून बसतात. काळा पडलेला कापूस ओढून काढतात, नुसती तार लाल करून गार होऊ देतात, ब्रशनं काजळी झाडतात, नवा कापूस भरतात. वाफेचा वास त्यांना आजही सहन होत नाही, म्हणून काम झालं की मला अंगणात पिटाळतात. ज्यूसमधलं निकोटीन आता नावापुरतं उरलंय.

परवा मी म्हटलं, "आई, तुम्ही होतात म्हणून मी वाचलो."

त्यांनी कापसावरून नजर काढली नाही. "अबोलीचे बाबा गेले ते सिगारेटनंच. तीस वर्षं मी त्यांना नुसतं 'सोडा, सोडा' म्हणत राहिले. हातानं काही करून दिलं नाही."