सातव्या बाहुलीसाठी ब्रायटन बीच

श्रूजबरीहून न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीचला जायचं ठरलं ते एका फोटोमुळे. श्रूजबरीला लेकीच्या, केतकीच्या, घरी मी चैत्रगौरीची आरास मांडली होती. आमचे हे तरुणपणी कारखान्याच्या ट्रेनिंगला मॉस्कोला गेले होते, तिथून आणलेल्या लाकडी बाहुल्याही त्यात होत्या; एकीच्या पोटात एक, अशा सात. आता त्या नातीच्या, ईराच्या. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात लहान, शेंगदाण्याएवढी बाहुली सापडेना. मी ईराला फैलावर घेतलं. आठ वर्षांची पोर "मी नाही घेतली" म्हणत राहिली. मी उरलेल्या सहा वरच्या फळीवर ठेवल्या आणि महिनाभर हात लावायचा नाही, असं बजावलं.

आठवड्यानं केतकीनं आराशीचा फोटो दाखवला. सातवी बाहुली गौरीपुढच्या फुलांच्या ताटात बसलेली. ते ताट मीच निर्माल्य म्हणून पालापाचोळ्याच्या कागदी पिशवीत उपडं केलं होतं. मला पसारा क्षणभर सहन होत नाही. पिशवी केव्हाच कचऱ्याच्या गाडीतून गेली होती.

"ईराला सांगशील ना?" केतकीनं विचारलं.

"आधी बाहुली आणू. मग बघू."

शनिवारी पहाटे दोघीच निघालो. बाहुल्या रुमालात गुंडाळून माझ्या पर्समध्ये. न्यूयॉर्कमध्ये गाडी घालू नका. आम्ही न्यू हेवनला स्टेशनापाशी गाडी लावली, तिथून मॅनहॅटनपर्यंत ट्रेननं दोन तास, पुढे क्यू लाइनच्या सबवेनं तासभर. सबवेचं तिकीट तीन डॉलरच्या आसपास. शेवटची काही स्टेशनं गाडी उघड्यावरून जाते. चांगले बूट घाला; जिने बरेच आहेत.

ब्रायटन बीचला रेल्वे रस्त्याच्या डोक्यावरून धावते आणि बाजार तिच्या खाली. गाडी आली की दुकानदार बोलणं थांबवतात, गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. पाट्या रशियन लिपीत. फुटपाथवर गरम पिरोश्की, म्हणजे सारण भरलेले छोटे पाव, मिळतात. शाकाहारी लोकांनी बटाट्याची किंवा कोबीची मागावी आणि आत मांस नाही ना, हे दोनदा विचारावं. कोबीची उत्तम, तिखट मात्र घरून न्यावं.

खरेदीबद्दल. बाहुली घेताना ती फिरवून उघडून बघा. सैल उघडली तर ठेवून द्या. बुडाशी दुसऱ्याच देशाचं लेबल असतं, तेही बघा. पाच बाहुल्यांचा बरा संच तीस डॉलरपर्यंत मिळतो. फुलाफुलांच्या लोकरी शाली सुंदर आहेत, पण महाग.

तिसऱ्या दुकानात लारिसा नावाची, माझ्याच वयाची बाई होती. तिनं आमच्या सहा बाहुल्या काउंटरवर ओळीनं मांडल्या, सहावी उघडली आणि ड्रॉवरमधून सुट्या लहान बाहुल्या काढून एकेक आत घालून पाहिली. एक खडखडली. दुसरीनं झाकण लागेना. तिसरी कलली.

"नाही बसणार," ती म्हणाली. "कारागीर सगळ्यात लहान बाहुली आधी करतो. मग तिच्या मापानं बाकीच्या, शक्यतो एकाच लाकडातून. मोठी हरवली असती तरी एक वेळ चाललं असतं. ही कोणी हरवली?"

"नातीनं," मी म्हणाले.

"आई!" केतकी एवढ्या जोरात म्हणाली की शाली बघणारी दोन माणसं वळली.

लारिसा आमच्याकडे बघत राहिली. वरून गाडी जात होती, ती पुढे जाईपर्यंत कोणालाच बोलता येईना. तेवढा वेळ मला पुरला.

"मी हरवली," मी म्हणाले. "नातीला उगाच रागावले."

"मग नवा संच घ्या," लारिसा म्हणाली. "मुलं खूश होतात."

घेतला नाही. लाल-सोनेरी नक्षीचे दोन लाकडी चमचे घेतले. ट्रेनमध्ये केतकी माझ्याशी न्यू हेवनपर्यंत बोलली नाही.

घरी ईरा जेवायला बसली होती. मी बूट काढून थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बाहुली मी टाकली. फुलांबरोबर. तू खरं बोलत होतीस आणि मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

"आय टोल्ड यू, आजी."

"हो. सांगितलं होतंस."

तिनं घास संपवला. "देन यू ऑल्सो. वन मंथ. नो टचिंग."

"कायदा तुझाच आहे," आमचे हे सोफ्यावरून म्हणाले.

सहल जमवावी का, असं कोणी विचारलं तर जरूर जमवा. एका दिवसात होते. लाकडी चमचे भाजी ढवळायला चांगले आहेत, फक्त भिजत ठेवू नका. बाहुल्या ईरानं खालच्या फळीवर, माझ्या हाताशी येतील अशा मांडल्या आहेत. महिना संपायला अजून तेवीस दिवस आहेत. त्यांच्यावर धूळ बसली आहे. मी रोज फळी पुसते, त्यांच्या भोवतीनं.