लवकीच्या रसाचे दोन ग्लास

बाबांना शुगर निघाली तेव्हापासून आसगावच्या आमच्या घरी रोज सकाळी लवकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा, रस निघतो. एक ग्लास बाबांचा, एक आईचा. तिला शुगर नाही, पण आपण एकट्यानंच काहून भोगायचं, असं बाबांचं म्हणणं.

मी नागपूरला प्रयोगशाळेत काम करते. माणसाच्या जिभेवर कडू चव ओळखणारं प्रथिन असतं, ते आम्ही एका छोट्या डब्यातल्या चिपवर बसवलंय. कडू काही त्याला चिकटलं की पडद्यावरची रेघ चढते. गावाकडच्या लवक्या, काकड्या तपासायला तो डबा मी घरी आणला होता. बाबांनी थट्टाच केली. "मले देवानं जीभ देली आहे. तुह्या डब्याले काय विचारू?"

मिक्सरच्या भांड्यात उरलेल्या रसाचा थेंब मी चिपवर टाकला. रेघ थेट वर जाऊन टोकाला अडकली. डबाच बिघडला असेल म्हणून शेजारच्या वेलावरच्या लवकीचा रस काढून घातला. रेघ हललीही नाही. पुन्हा आमचा थेंब, पुन्हा टोक. इतकी कडू लवकी विष असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. ओट्यावर दोन्ही ग्लास रिकामे होते.

"बाबा, कडू होता का रस?"

"होता ना. कडू म्हणजे औषध. कारलं खाऊन कोनी मरते का?"

"आणि आई, तू?"

"मी कुठं पेली? मी गोठ्यात होती."

बाबा दाराकडं पाहू लागले. दोन्ही ग्लास त्यांनीच संपवले होते.

दवाखान्यात चला म्हटलं तर, "मले काही होऊन नाही राहिलं." खाटेवर बसून निवांत दात कोरत होते. मला असा संताप आला की गदागदा हलवावंसं वाटलं. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावर घाम फुटला. मग उलटी झाली, तिच्यात रक्त होतं.

पवनीपर्यंत गाडीत आईचं तोंड थांबलं नाही. "सगळं तुह्या बाबालेच पाह्यजे. माहा ग्लासही सोडला नाही."

दवाखान्यात सलाईन लागली. बीपी खाली खाली चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कडू लागला तर दोन-दोन ग्लास कशाला प्यायलात, काका?"

बाबांचा आवाज पार खोल गेला होता. "पयला माहा होता. लय कडू लागला, म्हनून दुसराबी घेतला. हिले कडू जात नाही."

आई त्यांच्या पायांवर चादर ओढत राहिली, असलेली चादरच पुन्हा पुन्हा. मला रडू आवरेना.

दुपारनंतर बीपी सावरलं. बाबांनी डोळे उघडले तेव्हा ती एवढंच बोलली, "उद्यापासून कापल्याबरोबर फोड मी चाखीन. तुमच्या जिभेचा काही भरोसा नाही."