‘घरीच करू’ ग्रुपची मंडळी

मोबाईल रोज ओरडतो, जागा भरली, काहीतरी डिलीट करा. पण आमच्या ‘घरीच करू’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला हात लावायची माझी हिंमत होत नाही. घरातली दुरुस्ती स्वतःच करणारी नगर जिल्ह्यातली हौशी मंडळी. अडलं की विचारायचं, जमलं की दाखवायचं. आणि त्यातून एवढे किस्से साठलेत!

* * *

एकदा माझ्याकडे सावेडीत पाहुणे जेवायला यायचे होते आणि ऐनवेळी मिक्सर बंद पडला. मी तो अख्खा खोलला, पार्ट पेपरवर मांडले आणि फोटो टाकला, “आता काय करू?”

लगेच एकाचं उत्तर, “ताई, तळाला लाल बटण असतं. खोलायच्या आधी ते दाबलं होतं का?”

व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी माझ्याकडून मिक्सर जोडून घेतला. बटण दाबलं, सुरू! चटणी वेळेवर झाली. फक्त एक स्क्रू उरला. तसं ग्रुपवर कळवलं, तर बाकीच्यांनी आपापल्या उरलेल्या स्क्रूंचे फोटो टाकले!

* * *

भिंगारचे गायकवाड काका रिटायर झाल्यापासून व्हिडिओ करून शिकवतात. विषय होता गळका नळ. “मंडळी, एकदम सोपं आहे,” म्हणत त्यांनी नळ काढला आणि पाण्याची धार थेट चष्म्यावर!

मागून काकू ओरडल्या, “अहो, मेन कॉक!” मग त्यांनीच धावत जाऊन तो बंद केला.

काकांनी शांतपणे चष्मा पुसला. “तर, ही झाली पहिली स्टेप.”

* * *

एका नव्या मेंबरने विचारलं, “गीझर करंट मारतोय. काय करू?”

सगळा ग्रुप घाबरला. “हात लावू नका! वायरमनला बोलवा!”

“आवो, मीच वायरमन हाय!”

* * *

संगमनेरजवळच्या सुनीताताईंचा मेसेज मात्र वाचवेना. सासऱ्यांना, म्हणजे आण्णांना, लकवा झालेला. “माझ्या हातून दोन घास खात्यात आन् तोंड फिरवत्यात. सोताच्या हातात चमचा टिकत न्हाई. लई वाळलेत.”

काकांनी सुचवलं, चमच्याच्या दांड्याला सायकलची रबरी मूठ बसवा. ती सैल झाली. कुणी म्हणालं, आत चिंधी कोंबा. मी म्हटलं, चमच्याची मान थोडी आत वाकवा, म्हणजे सांडणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ आला. आण्णांनी मूठ पकडली. आमटी-भात अर्धा सांडला. चमचा थरथरत तोंडापर्यंत गेला. मोबाईल धरलेल्या सुनीताताईंचा श्वास ऐकू येत होता.

आण्णांनी घास चावला. गिळला. मग सुनेकडे बघितलं.

“मीठ कमी हाय!”