तलावाच्या पाळीवरचे टायर

नव्या रबराचा वास आला की मला तलावाची पाळ आठवते. नवरा पिकअपनं रोज साकोलीला मासोळी न्यायचा, म्हणून टायर घेताना त्याला उथळ खाचांचेच हवे होते. “खोल खाचांचे डांबरावर लवकर घासतेत,” तो म्हणाला. गावाबाहेरची वाट तलावाच्या पाळीवरूनच जाते, म्हणून मी विचारलं, “अन् पाळीवरच्या चिखलाचं काय?” शेवटी दोन्हीकडे चालतील असे मधले घेतले. त्याच पावसाळ्यात धानाची रोवणी करताना सासूबाईंना साप चावला. गाडीत मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. पाळीच्या चढावर चाकं जागीच फिरली आणि गाडी पाण्याकडे घसरू लागली. माझी नजर चाकावरून हटेना. सासूबाई पुटपुटल्या, “तिकडं काय पायतेस? माह्यासंग बोल.” मी सुचेल ते बोलत राहिले. नवऱ्यानं गाडी किंचित मागे घेतली, मग हळूहळू वर काढली, आणि टायरांनी एकदाचा मुरूम धरला. दवाखान्यात वेळेवर पोचलो, सासूबाई वाचल्या. आता गाडीला चढ लागला की मी बोलत सुटते, आणि नवरा मला थांबवत नाही.