त्या रविवारी दादा किचनमधून बाहेर का आला नाही

मला बघायला पाहुणे आले होते आणि माझा सख्खा भाऊ किचनमध्ये बसून आकाशातला दगड शोधत होता.

आज राहुलदादाला जाऊन वर्ष झालं.

नोकरी म्हणाल तर चाकणजवळ निघोजेला एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. पण सुट्टीच्या सकाळी त्याचं वेगळंच काम चालायचं.

रोज कुठे ना कुठे नवे लघुग्रह दिसतात. पण एकदा दिसला म्हणजे तो कुठे चाललाय हे कळत नाही. नाव नाही, फक्त तात्पुरता कोड. इंटरनेटवरच्या एका पानावर असे सगळे 'कन्फर्म' व्हायची वाट बघत असतात.

कुणी पुन्हा शोधून त्याची जागा कळवली तर ठीक. नाहीतर हरवला.

दादा आणि त्याचे ऑनलाइन मित्र चिली देशातली एक दुर्बीण थोड्या वेळासाठी भाड्याने घ्यायचे. आपली सकाळ म्हणजे तिकडची रात्र. हा पिंपरीत बसून लॅपटॉपवर तिथले फोटो काढणार.

त्या रविवारी असाच एक होता. नुकताच सापडलेला, चाकणच्या रस्त्यावर दिसतो त्या कंटेनरएवढा. पृथ्वीच्या जवळ येतोय एवढंच कळलं होतं.

किती जवळ, ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि आज नाही सापडला, तर उद्या शोधायचा कुठे?

आणि त्याच सकाळी मला बघायला आले मारुंजीहून मुलगा म्हणजे सुमेध, त्याची आई आणि नांदेडहून खास आलेले त्याचे मामा.

पप्पा दोनदा किचनमध्ये येऊन गेले.

"राहुल, बाहेर ये. पाहुणे विचारतायत."

"आलोच पप्पा. दुर्बिणीचा स्लॉट चालू झालाय, सोडता येत नाही."

मी पोह्यांचा ट्रे उचलताना त्याच्याकडे बघितलं. कपाळावर घाम. स्क्रीनवर नुसते पांढरे ठिपके.

"प्रज्ञे, जिथे असायला पाहिजे तिथे तो नाहीये."

"दादा, बाहेर माझं लग्न ठरतंय!"

"माहितीये गं. तू हो पुढे."

आला नाही.

शेवटी मामांनी विचारलंच. "तुमचे चिरंजीव आत काय करायलेत?"

पप्पांना थाप मारता येत नाही. "आकाशातला दगड शोधतोय. पृथ्वीजवळ येतोय म्हणे."



मामांनी प्लेट खाली ठेवली आणि थेट किचनमध्ये. मागोमाग आम्ही सगळे.

"आपल्यावर पडतंय का काय ते?"

दादा सहज 'नाही' म्हणू शकला असता. पप्पा मागून खुणा करत होते, नाही म्हण, नाही म्हण.

"बहुतेक नाही, मामा. पण नीट मोजल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

सुमेधच्या आईचा चेहरा उतरला. "चांगल्या दिवशी असलं काय बोलायचं!"

संपलं, म्हटलं.

आणि तेवढ्यात वाय-फाय गेलं.

फोटो अर्ध्यात अडकला. दादाच्या मोबाइलला किचनमध्ये रेंज नाही. तिकडे दुर्बिणीची वेळ संपत चाललेली.

सुमेधने गुपचूप आपला फोन लॅपटॉपशेजारी ठेवला.

"हॉटस्पॉट लावलाय. माझी रेंज चांगली आहे इथे."

फोटो पुन्हा यायला लागले. दादाने दुर्बीण अंदाजाच्या जागेपेक्षा थोडी पुढे सरकवली होती. तो एकामागून एक फोटो पालटून दाखवत होता. तारे जागच्या जागी. एवढ्याशा किचनमध्ये सात माणसांची गर्दी.

"ते कोपऱ्यात काय सरकायलंय?" मामा.

एक बारीक ठिपका. अगदी पुसट.

मी ओरडलेच, "सापडला!"

"थांब." दादा हलला नाही. "कॅमेऱ्याचा डाग पण असू शकतो. अजून एक फोटो."

तो फोटो येईपर्यंत मी देवाला न मानणारी मुलगी काय काय पुटपुटले, सांगत नाही.

आला. ठिपका होता. आणखी पुढे सरकलेला.

मामांनी दादाच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा खाली पडला. दादाने शांतपणे जागा मोजली, पुन्हा तपासली, पाठवली. मग उठून सुमेधच्या आईसमोर हात जोडले.

"काकू, माफ करा. आज नको होतं असं."

"ते जाऊ दे. पडणार का ते सांग."

"संध्याकाळपर्यंत कळेल. मी स्वतः फोन करतो."

पाहुणे निघून गेले. दुपारी आईने भांडी दोनदा घासली.

संध्याकाळी कळलं. दादाने कळवलेल्या जागेवरून दुसऱ्या देशातल्या दुर्बिणींनाही तो सापडला. मार्ग निघाला. चंद्राच्याही पलीकडून जाणार.

दादाने आधी फोन सुमेधच्या आईलाच लावला. "काकू, लांबून जाणार. निवांत झोपा."

पलीकडून उत्तर आलं, "बरं झालं बाबा. आणि पप्पांना सांग, आमचा होकार आहे."

लग्नानंतर मी सासूबाईंना विचारलं, त्या दिवशी एवढं होऊनही होकार कसा दिलात?

म्हणाल्या, "मी घाबरले होते गं. पण तुझा भाऊ माझी समजूत काढायला खोटं बोलला नाही. अशी माणसं सोयरी म्हणून बरी."

गेल्या वर्षी दादाला डेंग्यू झाला. साधा ताप म्हणून आधी कंपनीत गेला. मग आयसीयू. सुमेध रक्तदाते गोळा करत फिरला, मामा मिळेल त्या गाडीने नांदेडहून आले.

सगळं केलं. दादा वाचला नाही.

आज सकाळी घरी बुद्धवंदना झाली. आईने त्याच्या आवडीचे गुलाबजाम केले आणि स्वतः एकही खाल्ला नाही. पप्पा फोटोसमोर बसलेत, उठायला तयार नाहीत.

मीही बसते आता त्यांच्याजवळ.

दादा, तुला आम्हा सगळ्यांचं वंदन.
जय भीम.