बांधावर सायकल नेताना

सायकलवाल्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. रोज सकाळी तासभर चक्कर मारा, एखादा तरी आपण होऊन अंगावर येतोच. माझ्याकडचे बहुतेक शिरीषचे आहेत. ते घडत असताना नेमकं काय चाललंय ते आम्हा दोघांनाही कळत नसे, आणि आजही सगळं कळलंय असं नाही.

शिरीष माझा खांदा कॉलनीतला शेजारी, बँकेत नोकरीला. काही वर्षांपूर्वी त्याची शुगर अशी वाढली की डॉक्टर म्हणाले, आता व्यायाम नाही केलात तर थेट इन्शुलिन. गुडघ्यांमुळे चालणं बाद, म्हणून घरात गिअरची सायकल आली. चालवायची कुठे, तर करंजाड्याच्या बाजूला नदीकाठच्या बांधावर. तिथे गाड्या येत नाहीत. पण अर्धं पनवेल तिथेच चालायला येतं, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

आठवड्याभरातच शिरीष म्हणाला, मी हे सोडणार. वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावजी, काहीही करा, पण ह्यांना सायकल सोडू देऊ नका. सुई नुसती बघितली तरी हे आडवे होतात."

झालं, मीही माळ्यावरची जुनी सायकल काढली आणि त्याच्या मागे निघालो.

* * *

बांधावर गुरव सर असायचे. रिटायर्ड हेडमास्तर. तीन मित्रांसोबत चौघं आडव्या रांगेत चालायचे, म्हणजे बांध संपला. शिरीषने मागून घंटी वाजवली. डावीकडचे दोघं उजवीकडे आले, उजवीकडचे डावीकडे गेले, आणि रस्ता होता तसाच भरलेला राहिला. सर म्हणाले, घंटी कशाला बडवता, आम्ही काय बहिरे आहोत?

दुसऱ्या दिवशी शिरीष गुपचूप कडेने निघाला. सर दचकले. सायकलला घंटी नाही का, म्हणून पुन्हा बोलणी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी बिचारा खाली उतरला आणि सायकल हातात धरून त्यांच्या मागून चालू लागला. थोड्या वेळाने सरांनी वळून बघितलं. "सायकल असून चालताय कशाला? आणि आमच्या मागेमागे का येताय?"



* * *

करंजाड्याच्या एक मावशी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघायच्या. एकदा त्यांनी शिरीषला हात दाखवून थांबवलं. त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट बराच वेळ न्याहाळलं.

"गाडी चोरली काय रं कुनी तुजी?"

नाही हो मावशी, मी सायकलच चालवतो, असं त्याने परोपरीने सांगितलं. मावशींना काही ते पटेना. बँकेतला माणूस, डोक्यावर हेल्मेट आणि खाली सायकल, म्हणजे घरात काहीतरी झालंय! त्यांनी त्याला धीर दिला. मग पाटी ठेवायला सायकलच्या मागे बघितलं, तर कॅरिअर नाही.

"त्यो पन नेला काय?" मावशी हळहळल्या. जाताना पाटीतले दोन बोंबील त्याच्या हातात कोंबून गेल्या. पैसे घ्यायला तयार नाहीत. एका हातात बोंबील आणि एका हातात हँडल, असा तो घरी आला.

* * *

मग कुणाला तरी दया आली असावी. एका सकाळी बघतो तर बांधावर मधोमध पांढरा पट्टा. एका बाजूला सायकलचं चित्र, दुसऱ्या बाजूला चालणाऱ्या माणसाचं. शिरीष हरखला. आता सगळं शिस्तीत होणार म्हणाला.

चालणारी मंडळी त्या दिवसापासून बरोब्बर पट्ट्यावरून चालायला लागली. मी गुरव सरांना विचारलं, तर म्हणाले, उगीच कुणाच्या हद्दीत जायला नको.

* * *

पण शिरीषचा धीर सुटला तो उलटं चालणाऱ्या एका गृहस्थांमुळे. उलटं चाललं की गुडघे सुधारतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. थोडं धुकं होतं. शिरीषला समोरून एक माणूस त्याच्याकडे तोंड करून येताना दिसला. त्याला वाट द्यावी म्हणून हा कडेला थांबला. माणूस हसला, हातही केला, पण जवळ काही येईना. उलट बारीक बारीक होत दिसेनासाच झाला.

मी पोचलो तेव्हा शिरीष बांधावर बसून स्वतःची नाडी बघत होता. शुगर डोक्यात गेली म्हणाला. मी खरं काय ते समजावलं, पण त्याचं मन उडालं होतं. उद्याचा शेवटचा दिवस, मग सायकल विकून टाकणार आणि इन्शुलिन घेणार. वहिनींना काय सांगायचं, ह्या विचाराने मला रात्रभर झोप नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी नेमकी माझी चेन पडली आणि मी मागे राहिलो. लांबून बघतो तर गुरव सर आणि मंडळी बांधावर उभीच. चालत नव्हती. शिरीषने सवयीप्रमाणे ब्रेक दाबून पाय टेकला. तर सर बाजूला झाले, मित्रांनाही त्यांनी बाजूला केलं आणि हात पुढे करून म्हणाले, "या, या. आधी तुम्ही."

शिरीषने मागे वळून बघितलं, कुणी पुढारीबिढारी येतोय का म्हणून. माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तो भीत भीत मधून गेला आणि वळणापलीकडे दिसेनासा झाला.

चेन बसवून मी पोचलो, तोवर मंडळी पुन्हा चालायला लागली होती. मी सरांना विचारलं, आज हे काय? सर हळूच म्हणाले, "मांजर आडवं गेलं हो. कुणीतरी आधी जायला हवं होतं."

वळणावर शिरीष उभा होता. मागचं चाक जमिनीला टेकलेलं, पूर्ण पंक्चर. आणि ह्याचे डोळे भरून आलेले! सरांनी त्याला कशी वाट करून दिली, ते त्याने मला दोनदा सांगितलं. तेवढ्यात मागून मंडळी आली. पंक्चर बघून सगळी एकमेकांकडे बघायला लागली. मग गुरव सर पुढे आले, त्या वयात सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि पंक्चरवाल्याच्या दिशेने निघाले. एकाने शिरीषचं हेल्मेट धरलं, दुसऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली.

शिरीषने माझा हात घट्ट धरला.

"आणि अशा माणसांना मी सोडून चाललो होतो," तो म्हणाला. "उद्या जरा लवकरच निघू."