वेसणीची जागा

काही वर्षांपूर्वीचा, पोळ्याचा आदला दिवस. जबाबदार इसम तीन प्रकारचे: आमच्या बाजाराचा ठेकेदार, त्याला मोकळीक देणारे पंच आणि परदेशी मालाला दार उघडताना इथल्या चुलींकडे न पाहणारे धोरणकर्ते. काल ताडकळसच्या वाटेवर, दोरासाठी भिजत घातलेल्या अंबाडीचा आंबूस वास आला आणि ती दुपार पुन्हा अंगावर आली. पोळ्याला बैलांना नवी वेसण घालायची ती गावच्या दोर वळणाऱ्या म्हातारीकडचीच, असा आमचा रिवाज; त्या एका बाजारावर तिचे अर्धे वर्ष निघे. त्या दिवशी तिच्या पिढीजात जागेवर परदेशी नायलॉनच्या रंगीत दोरांचा टेम्पो उभा राहिला. "मावशे, ऊठ. आता सगळं जग येक झालंय," ठेकेदार हसत म्हणाला. वेसणी ओच्यात गोळा करत ती म्हणाली, "जग येक झालं म्हनतूस, मंग त्यात माझ्या येकटीलाच बसायला जागा कशी न्हाई रं?" सारा बाजार हसला. ती नाल्यापलीकडे उन्हात जाऊन बसली. तिकडे कोणीही फिरकले नाही. पुढच्या पोळ्याला ती पुण्यात विटा वाहत होती. वहिवाटीची जागा विनानोटीस कोणत्या कायद्याने काढली, हे मी तेव्हापासून पंचांना लेखी विचारतो आहे. आता तिचाच प्रश्न विचारतो: जग एक झाले, मग त्यात तिला एकटीलाच बसायला जागा कशी नाही? ठेकेदाराने आणि पंचांनी येत्या पोळ्याला, बैल वेशीत उभे असताना, त्याचे उत्तर सर्वांसमक्ष द्यावे.